कणसूर

पहिल्या वर्षात आमच्या बँडला तीन नावं झाली
आणि एकही गाणं झालं नाही.
चौथं नाव काउरीने एका बोटीच्या अंगावरून उचललं:
परवाना क्रमांक सत्तावीस.

जाळ्यांच्या शेडमध्ये वाजवायचो आम्ही.
मी मासळीच्या पालथ्या क्रेटवर,
काउरी बापाच्या बेसवर, दोनच तारा शाबूत,
आणि थोर्दिसकडे ती गिटार,
जी कुणा खलाशाने उधारीपोटी तिच्या आईच्या दुकानात ठेवली
आणि सोडवायला तो आलाच नाही.

शिकवणारं कोणी नव्हतं.
चर्चमध्ये ऑर्गनवाला होता,
पण तो फक्त मयतीच्या दिवशी शुद्धीत असायचा.
एक पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं:
आधी तारा लावून घ्याव्यात.
कशाशी, ते पान फाटलेलं.

रस्त्यापलीकडे मासळी गोठवायचा कारखाना.
त्याचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस एकच सूर धरून,
शेजारच्या खोलीत कुणी घोरावं तसा.
थोर्दिसने खिडकी उघडली, बर्फ आत येऊ दिला,
आणि सगळ्यात जाड तार त्या घोरण्याशी जुळवली.
बाकीच्या पाच, त्या एकीच्या भरवशावर.

मग काय, गायलो.
ऊन, उघड्या टपाच्या गाड्या, न संपणारे रस्ते,
सगळं इंग्रजीत, सगळं घोकून.
आमच्या फ्योर्डला रस्ता एकच,
आणि नोव्हेंबरात तोही बंद.

सतराव्या वर्षी राजधानीत स्पर्धेला गेलो.
तिथला एक पोरगा कीबोर्डवर साथीला दिला,
आणि पहिल्याच सुराला
दोन होड्या एकमेकींवर घासाव्यात तसं काहीतरी झालं.
परीक्षक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या,
मुलांनो, एकमेकांशी तुम्ही अगदी बरोबर आहात.
जगाशी कणसूर.

परतीच्या बसमध्ये अकरा तास कुणी बोललं नाही.
काउरीने बेस विकला, बोट धरली.
मी बर्फ सारायची गाडी चालवायला लागलो, अजून तेच करतो.
थोर्दिस कारखान्यात लागली, पॅकिंगच्या पट्ट्यावर.
कानात बोळे घालायचा नियम होता.
तिने घातले नाहीत, दोनदा दंड भरला.

तिचं पहिलं गाणं एका लेबलच्या पाठीवर होतं.
पुढे छापलेलं: कॉड, पाच किलो.
मागे हुल्दा. शेजारी उभी राहणारी बाई,
जी जेवणाच्या सुट्टीत हातमोजे काढते,
बोटं मोजते,
दहा भरली की पुन्हा घालते.
बस, एवढंच गाणं.
आमच्या भाषेत, आमच्या हुल्दावर! मी हसलो.
ती गात राहिली
आणि मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना.

एका मार्चमध्ये कारखाना बंद पडला.
नोटीस आधीच लागली होती, रडून झालं होतं,
पण कॉम्प्रेसर थांबला त्या रात्री
गावात कुणाला झोप लागली नाही.
कुत्री दारात उभी. माणसंही.
माझ्या मुलीने विचारलं, हा आवाज कसला?
समुद्राचा, मी म्हणालो.
ती सहा वर्षांची होती.

आता थोर्दिसच्या तीन तबकड्या निघाल्यात.
स्टुडिओतला माणूस प्रत्येक वेळी यंत्राकडे बघतो,
प्रत्येक वेळी अदबीने विचारतो,
जरा वर घेऊ या का, केसभर?
ती म्हणते, नको, ही गावची पट्टी आहे.
त्याला वाटतं, लोकसंगीत असेल.

वृद्धाश्रमाचा रस्ता मी सकाळी पहिला मोकळा करतो,
मग आत जाऊन कॉफी घेतो.
तिथे थोर्दिसची गाणी लावली
की हुल्दा दोन मिनिटांत गाढ झोपते,
तोंड उघडं, बोटं सैल.
नर्स म्हणते, फार कंटाळवाणी आहेत हो ही गाणी.
मी वाद घालत नाही.