पावणेपाच

देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू व्हायच्या आधी
ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागते,
तारखा, वेळा, गुरं कुठवर न्यायची नाहीत ते.
बायको तिचा फोटो काढून मला पाठवते.
तोफांचं काही नाही.
तावदानं थरथरतात, चहावर बारीक वर्तुळं उठतात,
मी म्हणतो, झाली सुरुवात, आणि कप उचलतो.

कळवून आलेल्या आवाजाला मी भीत नाही.

पिंपळगावच्या पॅकहाऊसात
द्राक्षांची खोकी बंद करताना पोरी टेप ओढतात,
चर्रर्र.
साडूच्या मुलाला आणायला गेलो होतो,
दारातच खाली बसलो.
"काका, ऊन लागलं का?" जानेवारीत.
मी हो म्हणालो.

कुपवाड्यात आमची गाडी हिरवी,
तिच्यावरचा लाल क्रॉस चिखलाने बुजलेला.
मागे मी, दोन स्ट्रेचर आणि टेपची गुंडाळी,
जिचं टोक ऐनवेळी हरवायचं.
त्या दिवशी मी ते दातांनी शोधलं.
एकवीस वर्षांचा असेल. त्याच्या पोटावर माझा अख्खा पंजा.
म्हणाला, उस्ताद, टाइम क्या हुआ?
मी काच पुसून पाहिलं. पावणेपाच.
म्हणजे घरी म्हशींच्या धारा चालू असतील,
असं काहीसं तो त्याच्या बोलीत म्हणाला
आणि ऐकू लागला.
बेसला पोचलो तेव्हाही ऐकतच होता.

निवृत्त झालो, एकशेआठवर लागलो.
लोक म्हणतात, देवरे, इथे कोण गोळ्या झाडतंय.
खरंय. इथे विल्होळीचा उतार, साप, अडलेल्या बाळंतिणी,
द्वारका चौकात गाडी अडकली की मागून कुणाची तरी आई.
नवी गाडी मिळाली त्याच दिवशी
डॅशबोर्डच्या घड्याळावर मी बँडेडची पट्टी लावली.
डॉक्टर मॅडम हसल्या.
फॉर्मवर वेळ त्या भरतात. मी फक्त किलोमीटर सांगतो.

काल पहाटे ओझरच्या पुढे पिकअप उलटली,
पॅकहाऊसला निघालेल्या बाया.
मॅडम एकीच्या छातीवर वाकलेल्या,
दुसरी जाळीतून मला म्हणाली,
भाऊ, किती वाजले?

आडगाव नाका आला होता.
वाटलं, सांगू नये.
सांगितलं की माणसं ऐकू लागतात.
पुन्हा: ओ भाऊ, किती वाजले? खाडा लागंल माझा.

नखाने पट्टी उचकटली. आवाज झाला नाही.
हिरवे आकडे.
सहा दहा, मावशी! सायरनच्या वरताण ओरडलो.
सहा अकरा.
सहा बारा.
सिव्हिलच्या फाटकापर्यंत मी मिनिटं सांगत गेलो
आणि ती दर मिनिटाला शिव्या देत गेली,
मुकादमाला, पिकअपवाल्याला, मला.
इतक्या शिव्या मी आयुष्यात कधी
इतक्या कान देऊन ऐकल्या नव्हत्या.

दुपारी गाडी धुताना पट्टी पायाशी सापडली.
लावून पाहिली, चिकट गेला होता.
नव्या पेटीत आहेत. बघू.
ड्युटी संपली,
पावणेपाच व्हायच्या आत
घरी निघालो.