पळसी

विळा लावता लावता जैतूनचा हात थांबला.
पिलबाग, नववी ओळ,
ठिबकच्या नळीवर वाकलेला खांब,
त्याला लटकलेलं एक वाळकं पान,
चुलीत घालायच्या लायकीचं.
"याच्यात जीव हाये," ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. मला पानच दिसलं.
मग पानाने कान हलवला.

केवढी? सुपारी धरा.
तराजूत समोर रुपया टाकला
तर रुपयाचं पारडं वर जाईल, जरासंच.
लव शेंदरी, कुरळी.
पंख मिटलेले, काळे,
आणि काळ्यावर नारिंगी बोटं ओढलेली, जशी
हळदीच्या हाताने... नाही, उपमा राहू द्या.
पाच बोटं होती. माझ्यासारखीच.
फक्त त्यांच्यामध्ये रात्र ताणलेली.

छातीशी पिल्लू,
केळफुलातल्या एका फुलाएवढं.
आमच्याकडे केळीलाही पिलंच फुटतात.

आम्ही सगळ्यांनाच पाकोळी म्हणत आलो:
विहिरीतल्या, देवळातल्या, शाळेच्या कौलातल्या.
हिला वेगळं नाव नव्हतं.
"पळसी," जैतून म्हणाली.
पळसाचं फूल, आणि त्याचा तो काळा देठ.
चाललं.

कृषी सहायक म्हणतो, करपा आलाय,
वाळली पानं काढा, बागेबाहेर नेऊन जाळा.
खोटं बोलत नाही तो.
पिवळ्या कडेचे डाग मीही पाहिलेत.
बऱ्हाणपूरकडून एकजण आला मोटारसायकलवर,
म्हणाला, चौकटीत लावायला हवीत,
काचेखाली, पंख पसरून. नगाला दोनशे.
जैतूनने त्याला पाणी दिलं,
बाग दाखवली नाही.

शेवटी एवढंच ठरलं:
बांधाकडच्या अकरा खांबांना
तिच्या जुन्या ओढणीच्या चिंध्या.
त्यांच्या पानांना विळा नाही.
वाऱ्याने चिंधी सुटते, ती पुन्हा बांधते,
मजुरीच्या वेळात नाही,
भाकरीच्या सुट्टीत.

सुकी नदीवरचा उजेड कलतो,
सातपुडा आधी निळा, मग नुसता डोंगर होतो,
तेव्हा ती निघते,
घडांच्या खालून, कमरेएवढ्या उंचीवर,
गोल, गोल.
आवाज नाही. म्हणजे आपल्याला नाही.
चिलटं कमी झाली, असं लिहिणार होतो.
मोजली नाहीत.

फाल्गुनात घड उतरतील.
मग खांब कापतात. सगळेच.
चिंधीवालेही.
"मग कुठे जातील गं?" मी विचारलं.
ती शेजारच्या कांदेबागेकडे बघत राहिली,
जिथे अजून
एकही पान वाळलं नव्हतं.