टेपचं दुसरं टोक

रोजी तीनशे, आणि काम एवढंच :
टेपचं दुसरं टोक धरून उभं राहायचं.
पहिलं टोक नागपूरचं असतं बहुधा,
कधी पुण्याचं,
एकदा तर थेट जर्मनीहून आलेलं.

पाण्याचा अभ्यास करणारे सर आले मे महिन्यात.
पाळीवरून म्हणाले, गाळ फार साचलाय,
तूडुमही गळतंय,
साठवण निम्म्यावर.
मी पोटरीभर चिखलात.
माझ्या टाचेखाली कुठंतरी मरळ निजली असणार
गाळ पांघरून, मिरगाची वाट बघत.
हे सरांना सांगितलं नाही.
त्यांच्या तक्त्यात मरळीचा रकानाच नव्हता.

वनस्पतीवाल्या मॅडमनी पाण्यावर चौकट टाकली,
मीटर बाय मीटर,
आणि चौकटीत सापडेल तेवढा तलाव मोजला.
देवधानाला त्यांच्याकडे दोन शब्दांचं नाव आहे,
ते तिरक्या अक्षरातच लिहायचं असतं म्हणे.
सरळ लिहिलं तर? मी विचारलं.
त्या हसल्या, आणि तिरकंच लिहिलं.

अर्थशास्त्राचा पोरगा घामाघूम, हातात टॅब :
हा तलाव असाच राहावा म्हणून
वर्षाला किती रुपये द्यायला तयार आहात?
पारबता तुमसरे, खांद्यावर ओलं जाळं,
सोसायटीची लीज भरून हात झाडलेली,
म्हणाली, देईन जी.
पन घेनारा कोन हाय, त्याचं नाव सांग.
पोरानं टॅब वरखाली सरकवला.
घेणाऱ्याचं नाव लिहायला
जागाच ठेवलेली नव्हती.

इतिहासवाल्यांनी भंडाऱ्याहून निस्तार पत्रकाची नक्कल आणली.
कागद इतका पिवळा की मला वाटलं हळद लावलीय.
त्यात गुरांचं पाणी होतं, मुरूम होता, गवत होतं,
मालगुजाराचं नाव सहा वेळा.
पाळ ज्यांनी रचली ते?
असतील, ते म्हणाले, दुसऱ्या दप्तरात.

मानववंशशास्त्राच्या बाई आठ दिवस राहिल्या,
ढेसाची भाजी दोनदा मागून खाल्ली.
पारबतानं त्यांना जाळ्याचं गाणं म्हणून दाखवलं,
मग रात्री दार वाजवलं :
बाई, ते पुसून टाका.
गाभोळीचे दिवस हायेत, आता म्हनाचं नसते,
मीच चुकली.
बाईंनी कंदिलाजवळ बसून पुसलं.
त्यांच्या प्रबंधात त्या गाण्याचं काय झालं असेल,
मी अजून विचार करतो.

मग एका हिवाळ्यात सगळे एकदमच आले.
पाळीवर बेशरम माजलेली, तिच्यावरून जुंपली :
उपटा ती, परकी आहे.
अहो, बगळ्यांची घरटी आहेत तिच्यात.
उपटायची मजुरी कोणाच्या खात्यातून?
जुन्या कागदात तर तिचा उल्लेख नाही.
आधी लोकांना विचारूया का?

लोक म्हणजे पारबता. ती म्हणाली,
आमी बायांनी अर्धी काढली, अर्धी ठेवली.
सगळ्यांच्या वह्या एकदम उघडल्या.
अर्धी का ठेवली, आई?
हात नाई पुरले जी.

तरी त्यांनी बराच वेळ लिहिलं.

दुपारी पाण्याचे सर परत मोजायला लागले.
तेवढ्यात त्यांचा फोन वाजला
आणि पहिलं टोक त्यांच्या हातून सुटून
पाण्यात गेलं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
अख्खी टेप माझ्याकडे होती.
मी ती हातावर हात ओढत घेतली
जाळं ओढतात तशी,
आकड्यांवर चिखल,
आकड्यांमध्ये चिला अडकलेला.

पाळीवरून पारबता ओरडली,
का गावलं रे?

तीस मीटर, मी म्हणालो.

भाजतं का रस्सा करतं?