ळ कोणाचा

सात वीसची कदंब चुकली की दिवस चुकतो,
म्हणून पावणेसातलाच मी वाळपईच्या स्टँडवर.
डबा, छत्री, आणि पिशवीत
मोजून एकोणीस काजूबिया.

पहिलीत सहा पोरं, दुसरीत तीन.
एकच खोली, एकच फळा,
फळ्याच्या मधोमध खडूची रेघ.
डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी,
आणि रेघेवर मी.
सरकारी कागदात आम्ही 'कमी पटाचे'.
पाणी न लागलेल्या विहिरीबद्दल बोलतात ना लोक,
तसे साहेब आमच्याबद्दल बोलतात, दारातच उभे राहून.

सकाळी पहिलं काम नाकं.
दुसरं बटणं.
तिसरं, झोऱ्यांच्या बमूच्या खिशात
जे काही जिवंत असेल ते बाहेर सोडणं.
काल कुर्ली होती.
मग प्रार्थना. मी मराठीत सांगते,
पोरांच्या तोंडून ती अर्धी कोंकणी होऊन निघते.
देवाची अजून तक्रार आलेली नाही.

"टीचर, म्हाका शीं जाता."
असं नाही. म्हण, मला लघवीला जायचं आहे.
"मला लघवीला..."
एवढं येईतो रघुवीर ओला.
पंधरा वर्षांत एवढं शिकले:
आधी सोडायचं,
वाक्य नंतर दुरुस्त करायचं.

वजाबाकी बियांवर चालते.
एकोणीस वाटते, परत येतात अठरा.
रोज.
कच्ची बी चावली तर ओठ उततो,
म्हणून सगळ्यांचे ओठ पाहिले, निमित्ताने दातही.
दोन दात पडायला आलेले.
ओठ सगळे धड.

आज डिसेंबरची चौथी. दरवाज्यातून थंडी आत येते
आणि तिच्या वाटेत निंगव्वा बसते.
बाप चिऱ्यांच्या खाणीवर, गाव गदगकडचं.
जूनपासून तिने एक शब्द उच्चारलेला नाही.
हजेरीला हात वर करते, तोही कोपरापर्यंतच.
मी तिला हाका मारून पाहिल्या, रंगीत खडू देऊन पाहिले,
एकदा (हे कुणाला सांगितलेलं नाही)
रागावूनही पाहिलं.

अक्षरं संपत आली होती.
अ अननसाचा, क काजूचा,
प पोदेराचा. हा माझा, पुस्तकातला नव्हे.
तेवढ्यात वेदिकाने विचारलं, ळ कोणाचा?

कोणाचाच नाही, मी म्हटलं.
ळ कधी शब्दाच्या पुढे उभा राहत नाही.
बमूने मान वर केली.
"मगीर तो शाळेंत कित्याक येता?"

मी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं: शाळा.
बघ, आहे की नाही? मागून आलाय, पण आत आहे.
मग गलका उठला. माळ! केळं! गूळ!
कुळागर! वाळपई! आमचो व्हाळ!
दुसरीची तिघंही रेघ ओलांडून ओरडायला आली,
मी अडवलं नाही.
खिडकीबाहेर व्हाळ बारीक आवाजात वाहत होता,
सगळे तिकडेच बोट दाखवत होते.

आणि दरवाज्याजवळून, खरखरीत,
खूप दिवस न उघडलेल्या कडीसारखं,
"हळ्ळ."

खोली गप्प.
निंगव्वाचंही बोट खिडकीकडे होतं,
हात पूर्ण वर, कोपराच्या वर, खांद्याच्याही वर.
हळ्ळ, ती पुन्हा म्हणाली,
आम्हा सगळ्यांना समजत नाही असं वाटून,
जरा सावकाश.

बमू बोटांवर काहीतरी मोजत होता.
"टीचर," तो म्हणाला, "तिच्या व्हाळांत दोन आसात."

मी फळ्याकडे वळले आणि लिहिलं.
खडू दोनदा मोडला.

एकच्या बसमध्ये बिया मोजल्या. अठरा.
कोण नेतं, अजून कळलेलं नाही.
घरी डब्यातून एक काढून
पिशवीत टाकली, उद्यासाठी.