मागची गाठ

पहाटे साडेपाच. आरशासमोर
एप्रनची नाडी हातात धरून उभी आहे.
डावीकडे गाठ म्हणजे मुलगी मोकळी,
उजवीकडे म्हणजे कुणाची तरी झालेली.
मागे बांधली तर विधवा,
नाहीतर वाढपीण.

एकतीस वर्षं मी मागेच बांधत आले
वाढपीण म्हणून.
कोर्बिनियान अंथरुणातून ओरडायचा,
"बुर्गी, मी मेलो नाही अजून!"
आणि टोक ओढायचा.
सुरगाठच ती. सुटायची.
मला उशीर व्हायचा.

पाहुणे विचारतात, हे सगळं कशासाठी?
मी सांगते, लग्नासाठी.
दोनशे वर्षांमागे राजपुत्राचं लग्न झालं,
वेशीबाहेरच्या या माळावर घोडे पळाले,
माळाला नवरीचं नाव पडलं
आणि वऱ्हाड अजून उठलेलं नाही.
म्हणजे, कॉलऱ्याच्या साली उठलं होतं,
लढायांत उठलं होतं.
परत बसलं.

बिअर मार्चमधली असायची.
उन्हाळ्यात भट्टी पेटवायला बंदी,
म्हणून तळघरात पिंपं, वर चेस्टनटची सावली,
आणि नवं धान्य यायच्या आत
जुनं सगळं पिऊन टाकायचं.
जुनं संपल्याशिवाय नवं भरता येत नाही, म्हणे.
पिंपांना सोपं असतं.

दुपारी बारा. महापौरांनी हातोडा घेतला,
लोक ठोके मोजतायत. दोन. तीन.
तोटी बसली. तोफा सुरू झाल्या,
बारा व्हायच्या आत माझ्या हातात दहा मग,
छातीशी धरलेले, तान्ह्यासारखे नव्हे,
सरपणासारखे.

आणि घुंगरं.
सहा घोड्यांची गाडी, पिंपांना हॉपच्या माळा.
चाबूक या वर्षी त्याच्या पुतण्याकडे, विटसकडे.
चांगला हाकतो. कोट खांद्यात सैल पडतो.
तंबूच्या मागच्या दाराशी
डावीकडचा म्हातारा घोडा आपणहून थांबला.
विटसने लगाम झटकला. हलेना.
दरवर्षी तिथे त्याला अर्धं प्रेट्झेल मिळायचं,
अर्धं कोर्बिनियानला.
हे विटसला कुणी सांगितलं नव्हतं.
माझे दोन्ही हात भरलेले,
सतरा नंबरचं टेबल बाकावर चढून
माझ्या नावाने कोकलत होतं.

संध्याकाळी एका पोराने पाठीवरची गाठ बघून विचारलं,
"बाई, दोन्हींतली कुठली?"
गळ्यात जिंजरब्रेडचं बदाम, त्यावर साखरेने 'माझी लाडकी',
लाडकी कुठे दिसेना.
म्हटलं, "बाजूला हो, सांडेल."

रात्री साडेअकराला बाक उलटे टाकले.
कुबड्या सापडल्या, एक कवळी सापडली,
कुणीतरी चालत आणि हसत घरी गेलं असणार.
नाडी बिअरने भिजून वाळली होती,
सुरगाठीची निरगाठ झालेली.
आफ्रा, पहिल्या वर्षाची पोर, मागे वाकून म्हणाली,
"कात्री आणू?"

नको.
नखाने होईल.
वेळ लागेल, तू बस.