पॉइंट टूची रेघ

ती रेघ मीच ओढली होती.
मोतीमहालच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी,
पॉइंट टूच्या पेनाने, श्वास रोखून.
वरून आलेल्या पेन्सिलीच्या खुणांवर शाई फिरवायची,
एवढंच काम.
कोणाची गल्ली कोणत्या मतदारसंघात गेली
हे ड्राफ्ट्समनने विचारायचं नसतं.

निवृत्त झालो आणि हरणाऱ्या पक्षाचं कार्ड घेतलं.
बायको म्हणाली, पेन्शन पुरत नव्हती,
आता पराभवही घरी आणा.

निकालाच्या रात्री दौलतगंजच्या कार्यालयात
सगळे मशीनला शिव्या देत होते.
मी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर बेरीज मांडली.
चारही जागा मिळून मतं आमची जास्त.
जागा एक.
हजीऱ्यात एकोणचाळीस हजारांनी आलो,
बाकी तिन्हीकडे दोन-अडीच हजारांनी गेलो.
एक रांजण ओसंडून अंगणभर चिखल,
आणि तिघांच्या तळाशी नुसती ओल.

रजनी शाक्य, सव्वीसशेने पडलेली,
डोळे न पुसता म्हणाली,
"फणसेकाका, रेघ खोडता येते का?"
म्हटलं, अर्ज टाकू. तारखा पडतील.
तुझ्या वेणीत पांढरं दिसेपर्यंत पडत राहतील.
तोवर चप्पल घाल.

स्वर्णरेखा.
नाव नदीचं, अंगावर सिमेंट, पोटात नाला.
माझी रेघ हिच्याच काठाने जाते.
अलीकडे आमचे झेंडे, आमचा उधार चहा.
पलीकडे बूथ एकशे चौदा. आमची मतं नऊ.
त्या नऊजणांना शोधायला सव्वा महिना लागला.
सात सापडलेच नाहीत.
आठवा गिरणीवाला नफीस, त्याने दार लावून घेतलं.
नववी बेनीबाई.
"बटण चुकलं होतं," ती म्हणाली.
रजनी तिच्या उंबऱ्यावर बसली.
"आणि मोटरचं बटण?"
"मोटर कुठली, बाई. नळ पहाटे तीनला येतो,
अर्धी बादली खाकरून जातो."
तेवढंच आम्ही वहीत लिहिलं.

हजीऱ्याचे मोरेश्वर इंगळे तापले.
ढोल आमचे, वर्गणी आमची, आणि पोरं नाल्यापार?
मी तोच कागद पुढे केला. म्हटलं,
इंगळेसाहेब, जिंकून झाल्यावरचं मत
पेटीत पडतं तेव्हा नुसता आवाज होतो.
तीन दिवस त्यांनी फोन उचलला नाही.
चौथ्या दिवशी अकरा पोरं पाठवली.
स्वतः आले नाहीत.

मग यादी.
मेलेले हजर, जिवंत बेपत्ता,
सुनांची नावं अजून भिंड-मुरैन्याला माहेरी,
भाडेकरूंना तर गल्लीच नाही.
फॉर्म सहा, दोन फोटो, विजेचं बिल.
एका पोराने विचारलं,
हा आपल्याला देणार नाही, मग याचा कशाला भरू?
रजनी म्हणाली, भर.
यादीत नसलेला माणूस आधीच हरलाय.
ओळखीचं वाटत नाही तुला?

मोजणीच्या दिवशी पाऊस नव्हता, वारा नव्हता,
माझ्या खिशात तीच पेन्सिल.
दोन जागा नव्याने आल्या.
हजीरा राहिला, जेमतेम अकरा हजारांनी,
इंगळे अजून बोलत नाहीत.
बूथ एकशे चौदा: एकशे एकसष्ट.
आणि रजनी
त्रेचाळीस मतांनी पडली.

गुलाल पायऱ्यांवर तसाच राहू दिला कोणीतरी.
मी घरी येऊन कागद घडी करून ठेवला,
झोप लागली नाही.

पहाटे तीनला बेनीबाईचा फोन.
नळ आलाच नाही.
"आणि हरलात म्हणजे यायचं नाही
असं तर नाही ना काही?"

मी चष्मा शोधला, काठी शोधली,
अंधारात एका पायात बायकोची सपाता अडकवून निघालो.
पुलापाशी पोचलो तेव्हा
रजनी पलीकडच्या काठावर होती,
हातात कोणाची तरी बादली.