पाच वॅट

कार्हुकोस्कीच्या धबधब्याच्या वर, नदीकाठच्या खोपटात
तो सोळा वर्षं बसून आहे.
पंखा नाही. आवाज नाही.
तळहाताएवढा बोर्ड, त्यावर नखाएवढी चिप,
चिपवर ॲल्युमिनियमची फणी, दोन दात तुटलेली.
दर दहा मिनिटांनी तो पाण्याची उंची विचारतो,
लिहून ठेवतो,
आणि पुन्हा डुलकी घेतो.

नवा गावात आहे, जुन्या कागद गिरणीत,
जिथे माझ्या वडिलांनी रात्रपाळ्या केल्या.
रोलर होते तिथे आता कपाटं,
कपाटांत शहाण्णव कोअरचे प्रोसेसर,
एकेकाला चारशे वॅट लागतात
आणि डोकं थंड ठेवायला नदीचंच पाणी.
तिथे आम्ही कानात बोळे घालून बोलतो,
म्हणजे बोलत नाही.

पत्र आलं: खोपटं बंद करा,
सेन्सर थेट गिरणीला जोडा, मार्चअखेर.
खाली सही, रौनी इल्वेस, कार्यक्षमता विभाग.
मी म्हटलं, आधी दोघांना एकच गणित घालून पाहते.

सोळा वर्षांची पातळी, तिच्यावरून पुढच्या पुराचा अंदाज.
म्हातारा चाळीस मिनिटं झुंजला.
मी थर्मासमधली कॉफी संपवली,
बुटांचे बंद सोडले, पुन्हा बांधले,
फणीला बोट लावून पाहिलं:
ताप आलेल्या पोराच्या कपाळाइतकी.
नव्याने दोन सेकंदांत सोडवलं.
उत्तर तेच. शेवटच्या दशांशापर्यंत.

मग पेन्सिलीने हिशेब मांडला, आणि मला राग आला.
पाच वॅट गुणिले चाळीस मिनिटं.
चारशे वॅट गुणिले दोन सेकंद.
त्या उधळ्याला लागली होती
माझ्या काटकसऱ्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकीच वीज.
पुन्हा मांडला. तेच.

पण नदी गणितं घालत नाही.
जानेवारीत तर ती काहीच म्हणत नाही,
बर्फाखाली महिना महिना
एक सेंटिमीटर इकडे, एक तिकडे.
तिच्यापाशी नुसतं बसायला कुणीतरी लागतं,
आणि नवा नुसता बसला तरी शंभर वॅट खातो.

रौनी म्हणेल, तो बसतोच कुठे?
घटकेत लिस्बनमधल्या कुणाच्या लग्नाचे फोटो,
घटकेत कुणाचा विमा,
मधल्या फटीत तुझी नदी.
हेही खरं.
त्याच्याच उष्णतेवर आईच्या इमारतीतले रेडिएटर तापतात;
बाहेर उणे तीस असताना ती बिनबाह्यांच्या झग्यात
शब्दकोडी सोडवत बसते आणि खिडकी उघडायला सांगते.

वडिलांची रात्रपाळीची वही अजून तिच्याकडे आहे.
तीस वर्षं, पानोपानी: विशेष काही नाही.
एकदाच, एकोणीसशे ब्याऐंशीच्या एका पहाटे:
तीन नंबरच्या बेअरिंगला वास. यंत्र थांबवलं.
त्या एका ओळीसाठी गिरणीने मला तीस वर्षं पोसलं,
असं ते म्हणत.
आई म्हणे, छे, उरलेल्या ओळींसाठी.

शेवटच्या सोमवारी बोर्ड काढायला डबा उघडला.
फणीला लागून सुकं गवत, बर्चच्या सालीचा चुरा,
माझ्याच हरवलेल्या हातमोज्याची लोकर,
आणि आत एक रानउंदरी, चार पिल्लं,
डोळे न उघडलेली.
पाच वॅटमध्ये एवढं मावतं.
बाहेर उणे एकोणीस.
चिपने मध्येच एकदा पाणी मोजलं;
हिरवा दिवा लुकलुकला,
उंदरी हलली नाही. तिला सवय होती.

डबा लावला, हळू.
गाडीत बसून अहवालात लिहिलं:
बर्फामुळे रस्ता बंद. काम मेमध्ये.

रस्ता स्वच्छ होता.
आरशात मागे
माझ्याच चाकांच्या दोन सरळ रेघा.